जमिनीखालचे महायुद्ध : एका खाण अभियंत्याच्या कागदपत्रांतून

पहिल्या महायुद्धातील खंदकांची छायाचित्रे आपल्या परिचयाची आहेत. चिखलाने भरलेले चर, काटेरी तारांची कुंपणे, तोफगोळ्यांनी चाळण झालेली जमीन ही दृश्ये पुस्तकांतून आणि चित्रपटांतून वारंवार समोर येतात. याच खंदकांच्या तीस मीटर खाली त्याच काळात दुसरे एक युद्ध सुरू होते. तेथे तोफा नव्हत्या, सूर्यप्रकाश नव्हता आणि बोलण्याचीही मुभा नव्हती. या युद्धाची छायाचित्रे फारच थोडी आहेत. त्यामुळे ते समजून घेण्यासाठी अभ्यासकांना प्रामुख्याने दैनंदिन्या, पत्रे आणि टिपणे यांच्यावर विसंबावे लागते.

अशा कागदपत्रांमध्ये ऑस्ट्रेलियाचे खाण अभियंता कॅप्टन ऑलिव्हर होम्स वुडवर्ड यांच्या लेखनाचे स्थान वरचे आहे. ७ जून १९१७ रोजी पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी बेल्जियममधील ‘हिल ६०’ या टेकडीखालचे सुरुंग ज्या हाताने उडवले, तो हात त्यांचा होता. युद्धकाळातील नोंदींच्या आधारे त्यांनी पुढे आपल्या युद्धसेवेची सविस्तर हकिकत लिहून काढली. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाच्या अभिलेखागारात ती जतन करण्यात आली आहे.

‘सुरुंग’ या शब्दाविषयी

मराठीत ‘सुरुंग’ हा शब्द आज मुख्यत्वे स्फोटकाच्या अर्थाने वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र भुयार असा आहे. संस्कृतातील ‘सुरुङ्गा’ या शब्दापासून तो आला असून कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो आढळतो. भुयार खणायचे, शत्रूच्या तटाखाली न्यायचे आणि त्यात दारू ठासून पेटवायची, ही युद्धपद्धती जुनी आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या सैन्याने चाकणच्या किल्ल्याचा बुरूज याच रीतीने उडवला होता. भुयार आणि स्फोटक हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावलेले असल्यामुळे या विषयावर मराठीत लिहिताना सोय होते, हे भाषांतराचे काम करणाऱ्यास विशेष जाणवते.

१९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजूंची सैन्ये खंदकांत रुतून बसली, तेव्हा वेढ्याच्या युद्धातील हे जुने शस्त्र पुन्हा बाहेर निघाले. त्याचा पहिला मोठा आघात भारतीय सैनिकांवर झाला, ही बाब आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. २० डिसेंबर १९१४ रोजी फ्रान्समधील जिव्हांशी आणि फेस्त्युबेर या गावांच्या परिसरात जर्मन सैन्याने भारतीय कोअरच्या सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली दहा लहान सुरुंग उडवले आणि त्यापाठोपाठ हल्ला चढवला. प्रत्येक सुरुंगात सुमारे ५० किलो स्फोटके होती. पुढील काळातील सुरुंगांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य होते. पण ज्यांच्या पायाखालची जमीन अकस्मात फाटली, त्यांच्यावर त्याचा परिणाम भयंकर झाला. युरोपातील हिवाळ्यात नुकतेच येऊन पडलेले ते सैनिक आधीच थकलेले होते. आता शत्रू समोरूनच नव्हे, तर खालूनही येऊ शकतो, हे त्यांना कळून चुकले.

ब्रिटिश सैन्याजवळ तेव्हा या कामासाठी स्वतंत्र तुकड्या नव्हत्या. जिव्हांशीच्या धक्क्यानंतर सूत्रे हलली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरुंग कंपन्यांची उभारणी सुरू झाली. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स या कंत्राटदार खासदाराने यासाठी पुढाकार घेतला. मँचेस्टरमध्ये सांडपाण्याची भुयारे खणणारे कामगार त्याच्या कंपनीत होते. त्यांपैकी काहींना कामावरून थेट सैन्यात घेऊन, जवळजवळ कोणतेही लष्करी प्रशिक्षण न देता आघाडीवर पाठवण्यात आले. खोदकाम करणाऱ्यास दिवसाला सहा शिलिंग वेतन देण्याचे ठरले. सामान्य पायदळ सैनिकास सव्वा शिलिंगाच्या आसपास मिळत असताना ही रक्कम अनेकांच्या डोळ्यांत खुपली, यात नवल नाही.

टेनटरफील्ड ते हिल ६०

वुडवर्ड यांचा जन्म १८८५ मध्ये न्यू साउथ वेल्स प्रांतातील टेनटरफील्ड या गावी झाला. क्वीन्सलंडमधील चार्टर्स टॉवर्स येथील खाणविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. त्यानंतर माउंट मॉर्गनच्या खाणीत आणि पापुआतील तांब्याच्या खाणीत काम केले. १९१५ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. ऑस्ट्रेलियाने तेव्हा खाणकामगारांची एक स्वतंत्र तुकडी उभारली होती. ती फेब्रुवारी १९१६ मध्ये ‘युलिसिस’ या जहाजाने निघून मे महिन्यात फ्रान्समध्ये पोहोचली.

या तुकडीत शास्त्रज्ञही होते. सिडनी विद्यापीठातील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मेजर म्हणून त्यात सामील झाले होते. हेच डेव्हिड १९०९ मध्ये दक्षिण चुंबकीय ध्रुवापर्यंत पोहोचलेल्या तुकडीचे प्रमुख होते. फ्रान्समध्ये आल्यावर त्यांनी जागोजाग विंधणविवरे घेऊन भूजलपातळीचा आणि थरांचा अभ्यास केला. पाणी कोणत्या ऋतूत किती वर चढते आणि कोणता थर खणण्यास योग्य आहे, याचे नकाशे तयार झाले. या लढाईत कोणाचा विजय होणार हे बऱ्याच अंशी अशा नकाशांवर अवलंबून होते, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. १९१६ मध्ये एका विहिरीत उतरताना डेव्हिड खाली कोसळले आणि त्यांच्या बरगड्या मोडल्या. तरीही ते कामावर परतले.

वुडवर्ड यांचे पहिले उल्लेखनीय काम जून १९१६ मधील आहे. आर्मांतिएर शहराजवळ ‘रेड हाऊस’ नावाची एक पडकी इमारत होती. शत्रूचे नेमबाज तिचा आश्रय घेत. रात्रीच्या अंधारात तेथपर्यंत जाऊन त्यांनी ती सुरुंगाने उडवली. या कामगिरीसाठी त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला. आघाडीवर येऊन त्यांना तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी पहिल्या ऑस्ट्रेलियन सुरुंग कंपनीकडे हिल ६० ची जबाबदारी आली. हे नाव ऐकून मोठी टेकडी डोळ्यांसमोर येईल, पण वास्तवात ती रेल्वेमार्गासाठी खोदलेल्या मातीचा ढिगारा होती. समुद्रसपाटीपासून तिची उंची ६० मीटर असल्याने नकाशावर ते नाव पडले. रुळांच्या दुसऱ्या बाजूस असाच लांबट ढिगारा होता. त्यास ‘कॅटरपिलर’, म्हणजे सुरवंट, असे म्हणत. ईप्र शहराभोवतालच्या सपाट प्रदेशात एवढ्या उंचीलाही मोल होते, कारण तेथून शहरापर्यंतची हालचाल दिसत असे. एप्रिल १९१५ मध्ये ब्रिटिशांनी सुरुंग उडवून ती टेकडी घेतली होती. मे महिन्यात जर्मनांनी विषारी वायूचा वापर करून ती परत मिळवली. तेव्हापासून ती जर्मनांच्या ताब्यात होती आणि तिच्या पोटात दोन्ही बाजूंनी भुयारे पोखरली जात होती.

निळ्या मातीतले काम

फ्लँडर्सच्या या भागात वरच्या थरात पाण्याने भरलेली वाळू आहे. त्या वाळूत खड्डा खणला की तो लगेच भरून येतो. तिच्या खाली मात्र घट्ट, निळसर चिकणमातीचा जाड थर आहे. ब्रिटिश बाजूने लोखंडी कड्यांचे अस्तर देऊन वाळूतून उभी विवरे खाली नेण्यात आली आणि त्या चिकणमातीत आडवी भुयारे सुरू झाली. हिल ६० च्या खोल भुयाराचे काम ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटिशांच्या १७५ व्या सुरुंग कंपनीने हाती घेतले. एप्रिल १९१६ मध्ये तिसरी कॅनेडियन कंपनी आली आणि तिने ते पूर्णत्वास नेले. भुयाराची लांबी ४०० मीटरहून अधिक होती. सैनिकांनी त्यास ‘बर्लिन सॅप’ असे थट्टेचे नाव दिले होते, जणू ते सरळ बर्लिनलाच निघणार होते.

खणण्याची रीतही वेगळी होती. कुदळीचा घाव मातीत दूरवर ऐकू जातो. म्हणून खोदणारा कामगार तिरप्या लाकडी फळीवर पाठ टेकून बसे आणि दोन्ही पायांनी एक अरुंद, धारदार फावडे समोरच्या मातीत दाबे. मातीचा गोळा अलगद सुटून येई. दुसरा कामगार तो पोत्यात भरी आणि तिसरा ते पोते रबरी चाकांच्या गाडीवरून मागे नेई. आधाराच्या लाकडी चौकटी खिळे न ठोकता बसवल्या जात, कारण माती फुगून त्या आपोआप घट्ट होत. वर आलेली निळी माती शत्रूच्या विमानांना दिसली तर खोल भुयाराचे गुपित फुटले असते. त्यामुळे ती रात्री दूर नेऊन लपवावी लागे.

अशा शांततेत ऐकणे हे शस्त्र बनले होते. फ्रेंचांनी विकसित केलेल्या जिओफोन या उपकरणात पारा भरलेल्या दोन चकत्या असत आणि त्यांना डॉक्टरांच्या नळीसारख्या नळ्या जोडलेल्या असत. चकत्या जमिनीवर ठेवून, दोन्ही कानांना सारखाच आवाज येईपर्यंत त्या सरकवत जायचे आणि आवाजाची दिशा ठरवायची. शत्रू खणतो आहे, पोती ओढतो आहे की स्फोटके भरतो आहे, हे अनुभवी कानाला ओळखता येई. खणण्याचा आवाज ऐकू येत असेपर्यंत एक प्रकारे दिलासा असे. तो थांबला की समजायचे, पलीकडे सुरुंग भरून झाला आहे.

शत्रूचे भुयार जवळ आल्याचे आढळले, तर जमिनीच्या पृष्ठभागावर खड्डा पडणार नाही अशा बेताने लहान स्फोट करून ते दाबून टाकण्यात येई. त्यात माणसे गाडली जात. जी गाडली जात नसत, त्यांना स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूचा धोका असे. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी आणि उंदीर सोबत ठेवले जात. पक्षी दांडीवरून खाली पडला, की हातातील काम टाकून निघायचे.

सात महिन्यांची प्रतीक्षा

ऑस्ट्रेलियन कंपनी आली तेव्हा दोन्ही मोठे सुरुंग भरून तयार होते. हिल ६० खाली सुमारे २४ टन आणि कॅटरपिलरखाली सुमारे ३२ टन स्फोटके ठेवलेली होती. त्यातील मुख्य घटक अमोनल हा होता. हे मिश्रण ओलावा शोषून घेते आणि निकामी होते, म्हणून ते बंद डब्यांत भरून रचण्यात आले होते. स्फोटके कॅनडाच्या लोकांनी भरली होती आणि आदेश मिळेपर्यंत ती राखायची जबाबदारी वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर होती.

वरवर पाहता हे काम सोपे भासेल. परंतु वुडवर्ड यांच्या कथनाचा खरा गाभा या प्रतीक्षेत आहे, असे मला वाटते. भुयारात पाणी सतत झिरपत होते आणि पंप अखंड चालवावे लागत होते. स्फोटकांपर्यंत गेलेल्या विद्युततारांची वेळोवेळी चाचणी घ्यावी लागत होती. एखादी तार तुटली तर अनेक महिन्यांचे आणि अनेक जीवांचे मोल मातीमोल झाले असते. दरम्यान जर्मन खोदणारे जवळ जवळ येत होते. त्यांना रोखण्यासाठी स्फोट करावा, तर आपल्याच तारा तुटण्याचा आणि खाली काहीतरी मोलाचे आहे हे शत्रूला उमगण्याचा धोका होता. काहीच करू नये, तर ते नेमके स्फोटकांवर येऊन धडकण्याची भीती होती. अखेरच्या आठवड्यांत अंतराचे आणि गतीचे गणित मांडण्यात आले. ठरलेल्या दिवसाआधी ते पोहोचणार नाहीत, असा हिशेब करून त्यांना खणू देण्यात आले. हिशेब चुकला असता तर तो सांगायला फारसे कोणी उरले नसते.

२५ एप्रिल १९१७ रोजी कंपनीवर मोठा आघात झाला. भूमिगत निवाऱ्यात डिटोनेटरची चाचणी सुरू असताना स्फोट होऊन दोन अधिकाऱ्यांसह दहा जण मृत्युमुखी पडले. शत्रूचा यात काहीही हात नव्हता. योगायोग असा, की गॅलिपोलीच्या लढाईला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण झाली होती आणि ऑस्ट्रेलियात तो दिवस स्मरणदिन म्हणून पाळला जात होता. सात महिन्यांच्या मुक्कामात हिल ६० येथे या कंपनीचे सुमारे ३० जण प्राणास मुकले.

पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटे

जनरल प्लूमर यांच्या सेकंड आर्मीने मेसिन येथील उंचवटा जिंकण्याची जी योजना आखली होती, तिचा हे सुरुंग एक भाग होते. दक्षिणोत्तर पसरलेल्या जर्मन आघाडीखाली अनेक ठिकाणी असेच सुरुंग पेरण्यात आले होते. १ जुलै १९१६ च्या सोम येथील हल्ल्यात हॉथॉर्न रिज येथील एक सुरुंग पायदळाच्या आगेकूचीपूर्वी दहा मिनिटे उडवण्यात आला होता आणि शत्रूला आयतीच सूचना मिळाली होती. ती चूक या वेळी टाळायची होती. सर्व सुरुंग एकाच क्षणी आणि हल्ल्याच्या वेळीच उडवण्याचे ठरले. घड्याळे जुळवण्यात आली. हिल ६० ची कळ दाबण्याचे काम वुडवर्ड यांच्याकडे आले.

त्या रात्रीचे वर्णन वुडवर्ड यांनी तपशिलाने केले आहे. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास भुयारांतून सर्वांना बाहेर काढण्यात आले. त्यानंतर त्यांनी तारांची अखेरची चाचणी घेतली आणि जोडणी पूर्ण केली. जोडणी बरोबर झाली आहे हे ठाऊक असूनही मनात पुन्हा पुन्हा शंका येत होती, अशी कबुली ते देतात. तीनच्या थोडे आधी ब्रिगेडिअर जनरल लँबर्ट निवाऱ्यात आले आणि हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. आदेश देण्याची जबाबदारी त्यांची होती. जनित्राने दगा दिला तर हाताने चालवायची स्फोटयंत्रे पायाशी घेऊन दोन लेफ्टनंट सज्ज होते. पाच मिनिटे राहिल्याचे जनरलांनी सांगितले, तेव्हा वुडवर्ड यांनी तारा आणखी एकदा तपासल्या. मग तीन मिनिटे, दोन मिनिटे, एक मिनिट, पंचेचाळीस सेकंद, वीस सेकंद आणि शेवटी नऊपासून उलटे अंक.

आदेश मिळताच त्यांनी कळ ओढली. हात घाईत विद्युतजोडणीला लागला आणि झटका बसून ते मागे फेकले गेले. क्षणभर काय झाले ते त्यांना उमगले नाही. मग जमीन हादरली. सात महिने ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण या अधिकाऱ्याने जमिनीवर पडून अनुभवला. या प्रसंगाला त्यांनी वीरश्रीचा कोणताही मुलामा दिलेला नाही आणि त्यामुळेच त्यांच्या लेखनावर विश्वास बसतो.

मेसिनच्या आघाडीवर त्या पहाटे एकूण १९ सुरुंग उडाले. त्यांत मिळून सुमारे ४५० टन स्फोटके होती. स्फोटांचा आवाज इंग्लंडपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत. सगळे काही घड्याळाबरहुकूम झाले, असे मात्र नव्हे. स्पानब्रुकमोलेन येथील सुरुंग काही सेकंद उशिरा उडाला आणि आगेकूच सुरू केलेले स्वतःच्याच बाजूचे काही सैनिक त्यात मारले गेले. कॅटरपिलर येथे सुमारे ८० मीटर व्यासाचा खड्डा पडला. संध्याकाळपर्यंत मेसिनचा उंचवटा ब्रिटिशांच्या ताब्यात आला होता.

या स्फोटांत दहा हजार जर्मन सैनिक ठार झाल्याचे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. त्या लढाईतील बेपत्ता आणि बंदिवान झालेल्यांचे आकडे त्यात मिसळले गेले असावेत, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत असून तो आकडा अतिशयोक्त मानला जातो. हिल ६० आणि कॅटरपिलरपुरते बोलायचे, तर तेथे तैनात असलेल्या जर्मन २०४ व्या डिव्हिजनचे सुरुंगांमुळे १० अधिकारी आणि ६७९ सैनिक गेल्याची नोंद आहे. दोन खड्ड्यांसाठी आणि एका क्षणासाठी हा आकडाही लहान नाही.

कागद कोणाचे उरतात

महायुद्धाच्या आघाडीवर दैनंदिनी ठेवण्यास अधिकृत परवानगी नव्हती. ती शत्रूच्या हाती पडण्याची भीती होती. तरीही असंख्य सैनिकांनी त्या लिहिल्या. ऑस्ट्रेलियाने या खासगी लेखनाचे महत्त्व लवकर ओळखले. युद्धवार्ताहर आणि पुढे अधिकृत इतिहासकार झालेले चार्ल्स बीन यांच्या प्रयत्नांतून युद्धस्मारकाची कल्पना साकारली आणि १९४१ मध्ये कॅनबेरा येथील वास्तू खुली झाली. सिडनीतील सार्वजनिक ग्रंथालयाने तर महायुद्ध संपताच परतलेल्या सैनिकांकडून दैनंदिन्या विकत घेण्यास प्रारंभ केला होता.

तुकडीच्या अधिकृत रोजनिशीत त्या दिवशी किती मीटर खणले, किती जखमी झाले, कोणती उपकरणे आली एवढेच असते. तारेची जोडणी करताना बोटे का थरथरली, हे तीत नसते. खासगी कागदपत्रांची गरज येथे पटते. पण त्यांची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. वुडवर्ड सुशिक्षित अधिकारी होते आणि युद्धानंतर त्यांना निवांतपणे लिहिता आले. पोती ओढणाऱ्या कामगाराला ही सोय नव्हती.

याचे बोलके उदाहरण विल्यम हॅकेट यांचे आहे. सुरुंग कंपन्यांमध्ये काम करताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते एकमेव. जून १९१६ मध्ये जिव्हांशी येथेच जर्मन स्फोटामुळे भुयार कोसळले आणि पाच जण आत अडकले. सुटकेसाठी केलेल्या छिद्रातून तिघे बाहेर पडले. हॅकेट यांनाही निघता आले असते, पण आत जखमी होऊन पडलेल्या तरुण सहकाऱ्याला सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. भुयार पुन्हा ढासळले. चार दिवस प्रयत्न करूनही दोघांना काढता आले नाही. ते दोघे आजही तेथेच आहेत. हॅकेट यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि घरची पत्रे त्यांना इतरांकडून लिहून घ्यावी लागत. त्यांच्या मनात काय होते, हे सांगणारा त्यांच्या हातचा कागद त्यामुळे असणे शक्य नाही. २०१० मध्ये जिव्हांशी येथे सुरुंग कंपन्यांचे स्मारक उभारण्यात आले.

भारतीय सैनिकांच्या बाबतीत चित्र आणखी वेगळे आहे. पुण्याजवळच्या खडकी येथे मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या अभियंता दलाच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या १९१४ मध्ये फ्रान्सला गेल्या होत्या. या दलात मराठा, शीख आणि मुसलमान सैनिक होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल या गावावरील हल्ल्यात या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीच्या साथीने पायदळाप्रमाणे घराघरांतून लढल्या आणि त्यांची अपरिमित हानी झाली. खणणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे कसब, त्यांना संगिनी घेऊन गावात शिरावे लागले.

फ्रान्समधील भारतीय सैनिकांनी घरी पाठवलेली आणि घरून त्यांना आलेली पत्रे बोलोन येथे स्थापन झालेल्या सेन्सॉर कार्यालयातून जात. नागरी सेवेतील अधिकारी एव्हलिन हॉवेल यांच्या देखरेखीखाली त्यांतील निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर होई. सैनिकांचे मनोबल आजमावणे हा त्यामागचा हेतू होता. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. अहवालांत उरले आहे ते केवळ इंग्रजी भाषांतर. पंजाबी, उर्दू, हिंदी, मराठी अशा भाषांत लिहिलेली मूळ पत्रे पुढे रवाना झाली किंवा अडवली गेली. त्यातही पत्र अनेकदा लेखनिकाकडून लिहून घेतलेले असे. म्हणजे बोलणारा एक, लिहिणारा दुसरा आणि भाषांतर करणारा तिसरा. रोज एका भाषेतील मजकूर दुसरीत नेणाऱ्याला यातून काय काय गळाले असेल, याची कल्पना करता येते. खडकीच्या एखाद्या सॅपरने आपल्या आईला नेमके कोणत्या शब्दांत थंडीविषयी लिहिले असेल, ते शब्द त्या अहवालांत मिळत नाहीत. खडकी, सातारा, कोल्हापूर या भागांतील घरांमध्ये जुन्या पेट्यांत अशी पत्रे असतील, तर ती अमोल आहेत.

न्यव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या भारतीय स्मारकावर सुमारे ४,७०० नावे कोरलेली आहेत. ईप्रच्या मेनिन गेटवरही भारतीयांची नावे आहेत.

युद्धानंतर

मेसिननंतर भूमिगत युद्धाचे महत्त्व कमी होत गेले आणि १९१८ मध्ये आघाड्या हलू लागल्यावर ते जवळजवळ संपले. सुरुंग कंपन्यांना रस्ते आणि पूल बांधण्याचे काम देण्यात आले. सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस हिंडेनबर्ग तटबंदीवरील हल्ल्यात माऱ्याखाली रस्ते खुले करण्याच्या कामासाठी वुडवर्ड यांना दुसऱ्यांदा मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी साम्ब्र-वाझ कालव्यावर रणगाडे जाऊ शकतील असा पूल बांधताना त्यांच्या तुकडीतील काही जण कामी आले. महायुद्धाच्या लढाईत मरण पावलेल्या अखेरच्या ऑस्ट्रेलियन सैनिकांमध्ये त्यांची गणना होते. युद्धबंदीला तेव्हा एक आठवडा उरला होता. त्याच दिवशी त्याच कालव्यावर ओर्स गावाजवळ इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन मारला गेला. पुलाच्या कामासाठी वुडवर्ड यांना तोच सन्मान तिसऱ्यांदा देण्यात आला.

मायदेशी परतल्यावर ते पुन्हा खाणींच्या क्षेत्रात गेले आणि पुढे नॉर्थ ब्रोकन हिल या मोठ्या खाण कंपनीचे महाव्यवस्थापक झाले. १९६६ मध्ये होबार्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांवर आधारित ‘बिनीथ हिल ६०’ हा चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा कुठे सामान्य ऑस्ट्रेलियन नागरिकाला हे नाव कळले.

हिल ६० आज गवताने आच्छादलेली आहे. पहिल्या ऑस्ट्रेलियन सुरुंग कंपनीचे स्मारक तेथे आहे आणि त्यावर दुसऱ्या महायुद्धातील गोळ्यांच्या खुणा दिसतात. कॅटरपिलरच्या खड्ड्यात पाणी साचून तळे झाले आहे. मेसिनसाठी पेरलेले सर्व सुरुंग मात्र उडाले नव्हते. दक्षिण टोकाचे काही सुरुंग अनावश्यक ठरल्याने तसेच सोडून देण्यात आले. त्यांपैकी एकाचा १७ जून १९५५ रोजी वादळात वीज पडून स्फोट झाला. त्यात एक गाय मेली. उरलेले सुरुंग अद्याप शेतांखाली आहेत आणि वर पिके घेतली जातात.